समासातली मुंबई

पुष्पाबाई चौथीच्या वर्गाला शिकवत आणि अकरावीच्या वर्गात शिकत. सकाळी सात ते अकरा त्या गावच्या प्राथमिक शाळेत बाई असत. मग चार घास उभ्याउभ्याच गिळून हायस्कुलात शेवटच्या बाकावर विद्यार्थिनी होत. शेजारच्या पोरी त्यांच्याच हाताखाली पाढे घोकून गेलेल्या. पोरी पेन्सिल उसनी देत, तेव्हा बाईंना लाजही वाटत नसे. लाजायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

हा सगळा उपद्व्याप एका कागदापायी. वरून लेखी आलं होतं, जूनपर्यंत मॅट्रिक, म्हणजे तेव्हाची अकरावी, पास नाही तर नोकरी नाही. मागच्या वर्षी बाई बाहेरून परीक्षेला बसल्या, बाकी विषयांत सुटल्या आणि भूगोलात आपटल्या. म्हणून यंदा हेडमास्तरांनी भूगोलाच्या तासाला बसायची मुभा दिली होती.

भूगोलातही काळी माती, कापूस, पूर्णेचं खोरं हे काही पाठ करावं लागत नव्हतं. घोडं अडत होतं नकाशापाशी. बाईंनी दहा वर्षं फळ्यावर आपला जुना प्रांत काढला होता, नागपूर राजधानी असलेला. डोळे मिटूनही काढला असता. मग छप्पन साली मुंबई राज्य आलं, साठ साली महाराष्ट्र. सरकारने प्रांत दोनदा बदलला, बाईंचा हात बदलायचं मात्र कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. जुन्या नकाशात बुलढाणा अगदी डाव्या कडेला होता. आता त्याच्या डावीकडे खानदेश, घाट, कोकण आणि वर मुंबई, एवढं सगळं बसवायचं होतं.

"बाई, समुद्रापासून सुरुवात करा," भूगोलाचे नीळकंठ सर सांगत. "आधी किनारा, मग बाकीचं."

"सर, समुद्र मी कधी पाह्यलाच नाई."

"मी तरी कुठे पाहिलाय?" सर म्हणाले आणि फळा पुसू लागले.

संध्याकाळी बाई अंगणात काडीने किनारा गिरवत. एकदा नवरा, हिंमतराव, वांग्यांची टोपली घेऊन मळ्यातून आले आणि कोकणावर पाय देऊन उभे राहिले.

"गाव तं जागचं हाललं नाई," ते म्हणाले, "मंग तू काऊन एवढी थकून राह्यली?"

बाईंनी काडी टाकून हात झटकले. त्या वांगी चिरायला बसल्या.

परीक्षा बुलढाण्याला होती. पहाटेच्या मोटारीने घाट चढून जाताना बाई समुद्र, समुद्र असं मनात घोकत होत्या. पण पेपर लांबलचक निघाला. शेवटचा प्रश्न नकाशाचा, राजधानी आणि बंदरं दाखवा. पंधरा मिनिटं उरली होती. बाईंनी पेन्सिल टेकवली आणि हाताने आपलं काम चोख केलं. जित्याची खोड. पेन्सिल उचलली तेव्हा कागदावर जुना प्रांत होता आणि बुलढाणा समासाच्या रेघेला चिकटलेला.

पुन्हा काढायला वेळ नव्हता. बाईंनी वऱ्हाड आणि नागपूर ठेवलं, उरलेला हिंदी मुलूख खोडला, खाली मराठवाडा जोडला. डावीकडे मात्र जागाच नव्हती. त्यांनी समासाची रेघ ओलांडली आणि घाट, किनारा, रत्नागिरी, मुंबई, सगळं समासात काढलं. उत्तरपत्रिकेवर छापलं होतं, समासात काही लिहू नये.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सरांना सांगितलं. "समासातलं तपासत नाहीत, बाई," ते म्हणाले.

"मले माहीत आहे."

मे महिन्यात बाईंनी वर्गातलं कपाट आवरलं, आपला डस्टर घरी नेला आणि किल्ली मोठ्या गुरुजींच्या हवाली केली. वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त झोप येत होती.

जूनमध्ये गुणपत्रिका घेऊन नीळकंठ सर स्वतः घरी आले. भूगोलात पस्तीस होते. पास होण्यापुरते, एकही जास्त नाही.

"मी प्रश्नपत्रिका समोर ठेवून अंदाज केला," सर बाजेवर टेकत म्हणाले. "समासातलं तपासलं नसतं, तर तुम्ही तिसाच्या आसपास अडकला असता. तपासणाऱ्याने मुंबई धरली."

"कोनं धरली, सर?"

"कोणास ठाऊक. आमच्यासारखाच कोणी म्हातारा मास्तर असेल. वऱ्हाड आधी आणि समुद्र मागून असा नकाशा त्याने ओळखला असणार. त्याचाही हात तसाच जात असेल."

सर गेले. बाई उंबऱ्यावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या. हिंमतराव घाबरे होऊन बाहेर आले.

"पास झाली नं? मंग रडून काऊन राह्यली?"

"तुमी ईचारलं होतं नं, मी काऊन थकली," बाई म्हणाल्या. "ते कोनाले तरी समजलं."