होग्लाच्या हातची देवी

लाखीश शहराच्या वाटेला लागून आमच्या गावात होग्ला कुंभारणीचं घर होतं. नवरा गेल्यावरही तिने चाक सोडलं नाही. रांजण, पणत्या, परळ ती करायचीच, पण नाव होतं ते तिच्या मातीच्या अशेरा देवीचं. वीतभर उंचीची बाई, खाली झाडाच्या बुंध्यासारखी, दोन्ही हातांनी छाती सावरलेली. गरोदर बाईच्या उशाशी ती असायचीच. मंदिरात परमेश्वराला भजायचं आणि घरात हिला, यात आमच्यात कुणाला वावगं वाटत नसे.

एका वर्षी होग्लाची भट्टी बिघडली. माती ओली राहिली होती, मूर्ती आतल्या आत तडकल्या. राख उपसताना फावड्यावर नाकं, डोळे, हात येऊ लागले, तशी ती मटकन खाली बसली. हिला स्वतःला आगीतून वाचता आलं नाही, ही बाळंतिणीला काय वाचवणार? त्या दिवसापासून तिने अशेरा घडवली नाही.

पुढे राजाचा हुकूम सुटला. शिपाई आले, घराघरातल्या मूर्ती वेशीपाशी आणून फोडल्या. यरुशलेमहून आलेल्या याजकाने सांगितलं, घडवलेल्या कशापुढेही वाकायचं नाही, देव एकच. लोकांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन होग्लाच्या नावाने बोटं मोडली, हिनेच आधी देवीला टाकलं म्हणून.

होग्लाला त्याचं काही नव्हतं. तिचा जीव अडकला होता तिरसात. तिची ही एकुलती एक लेक गावातच दिली होती. दोन बाळं जन्मून गेली होती आणि आता तिसऱ्यांदा दिवस भरत आले होते. तिरसाची सासू अटारा येता-जाता टोमणा मारायची, "विहीणबाईंनी देवी मन लावून घडवली असती, तर दोन्ही नातवंडं आज अंगणात खेळली असती!" होग्ला ऐकून घ्यायची. पण भाकरी थापतानासुद्धा तिच्या मनात येई, या खेपेला काही झालं तर? मी घडवणं सोडलं म्हणून झालं, असंच म्हणतील ना सगळे? आणि खरंच तसं असलं तर?

वल्हांडणाच्या सणासाठी गावातले पुरुष यरुशलेमला गेले, तिरसाचा नवरा मत्तन्याही गेला. दुसऱ्याच दिवशी सकाळी शेजारीण धावत आली, "होग्ला, चल गं! पोर आडवं आलंय."

होग्ला पोचली तेव्हा तिरसा भिंतीला टेकून कण्हत होती. सुईण तिच्या पोटावर तेल चोळत होती, चेहरा मात्र लपवत होती. आणि तिरसाच्या मुठीत अशेरा होती.

"ही कुठून आली?" होग्लाने विचारलं.

"पिठाच्या रांजणात पुरून ठेवली होती मी," अटारा म्हणाली. "शिपायांना सांगायचं असेल तर सांगा जा. माझी सून मरतेय इथे."

"आई, हिला काढू नकोस," तिरसा म्हणाली. तिच्या ओठांना रक्त आलं होतं. "पाया पडते तुझ्या."

होग्लाने मूर्तीकडे हात नेला आणि मागे घेतला. मूर्ती हिसकावली आणि पोरगी भीतीनेच गेली तर? राहू दिली आणि परमेश्वर रागावला तर? तिने मनातल्या मनात त्याला हाक मारली. बाहेर शेळ्या ओरडत होत्या.

सुईण ओरडली, "भांडायचं तर अंगणात भांडा! हिला उठवून विटांवर उकिडवं बसवायला हवं. मागून धरा कुणीतरी."

होग्ला लेकीच्या मागे बसली, तिच्या काखेतून हात घातले. मग कानाशी म्हणाली, "बाळा, कोणी केलीये ती?"

"तू."

"मग माझाच हात धर की. तो इथे आहे."

पुढची कळ आली तशी तिची मूठ सुटली, मूर्ती गवताच्या बिछान्यावर पडली आणि तिने आईचं मनगट आवळलं. हाड मोडल्यासारखा आवाज झाला. होग्लाने दात दाबून धरले. सुईणीने आत हात घालून पोर वळवलं. आधी पाय आले, मग अंग, मग डोकं. मुलगी होती. निळी पडलेली आणि गप्प.

सुईणीने तिला उलटं धरलं, पाठीवर चापट्या मारल्या, तोंडातलं बोटाने काढलं. पुन्हा मारलं. होग्ला नुसतं "देवा, देवा" करत होती. आणि मग मांजराच्या पिलासारखा एक बारीक आवाज आला.

अटारा रडत बिछान्याकडे गेली. मूर्ती उचलून कपाळाला लावत म्हणाली, "पावली गं बाई, पावली!"

वाद घालायला होग्लाच्या अंगात बळ नव्हतं.

पोर जगली, पण तिरसा झोपेना. दर घटकेला पोरीच्या नाकाशी बोट धरून बघायची. आठवड्याने होग्ला भेटायला गेली, मनगटाला पट्टी बांधून. तिरसा म्हणाली, "सासूबाई, ती मूर्ती द्या जरा."

अटाराला वाटलं, पाया पडायचं असेल. तिने आणून दिली. तिरसाने ती उंबऱ्याच्या दगडावर जोरात आपटली. मुंडकं घरंगळत चुलीपाशी गेलं.

अटारा किंचाळली, "अगं, हे काय केलंस! आता पोरीला—"

"भीती मलाही वाटतेय," तिरसा म्हणाली. "पण ही घरात असेपर्यंत मी तिच्याकडेच बघत बसेन. पोरीकडे नाही."

तिघी बाळाकडे बघत उभ्या राहिल्या. पोरगी शिंकली. तिघीही दचकल्या.

मग ती रडू लागली, भुकेने. तिरसाने तिला छातीशी घेतलं. शेवटी अटारा केरसुणी घेऊन वाकली आणि पुटपुटली, "तुकडे पायात रुततील कुणाच्यातरी."