तारमहाराजांचा टीव्ही

सभागृह माणसांनी गच्च भरलं होतं, तरी टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. समोर टेबलावर एक टीव्ही, शेजारी पाण्याने भरलेलं काचेचं भांडं आणि पांढऱ्या खुर्चीत तारमहाराज.

"आत्मा म्हणजे काय? सिग्नल!" महाराज म्हणाले. "टीव्ही फुटला म्हणून सिग्नल मरतो का? पण बाजारातली केबल आणाल तर बाजारच दिसेल. तांब्याला माया कळते, बाळांनो! घरी बसा, स्वतःच्या हातांनी केबल करा, गेलेल्याचा एक केस तिच्यात गुंफा. मग बघा!"

एक म्हातारे काका उठले आणि त्यांनी आपली केबल पुढे केली. शिष्याने तिचं एक टोक टीव्हीत खुपसलं, दुसरं पाण्यात सोडलं. महाराजांनी डोळे मिटले आणि पडद्यावर मोटारसायकल पुसणारा एक तरुण उमटला. काकांचा अपघातात गेलेला मुलगा! सभागृहभर हुंदके फुटले.

"केबल चित्राची असते, आवाजाची नव्हे," महाराज म्हणाले. "आवाज माझ्या कानात येतो. तो म्हणतोय, आबा, मी सुखात आहे."

मागच्या रांगेत शाळेतल्या विज्ञानाच्या बाई बसल्या होत्या. शेजारी त्यांचा नवरा, मांडीवर नवीकोरी केबल घेऊन. तो लग्नाकार्यांचं व्हिडिओ शूटिंग करणारा. तयार केबल ऐन वेळी दगा देते म्हणून आयुष्यभर त्याने केबली घरीच केल्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तार सोलायची, वरची जाळी मागे सारायची, आतली बारीक तार प्लगला डाग देऊन जोडायची. प्लग पकडीत धरून ठेवायचं काम त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं. तिला दोघं भिंगरी म्हणत. साध्या वाटलेल्या तापाने ती गेली आणि टेबल मुकं झालं.

मग कुणीतरी तारमहाराजांचं नाव सांगितलं. पहिल्या केबलसाठी नवऱ्याने भिंगरीच्या कंगव्यातला केस काढला, तेव्हा बाई दाराआड उभं राहून रडल्या होत्या. पडद्यावर भिंगरी दिसली आणि महाराज म्हणाले, "ती म्हणतेय, बाबा, सुई टोचून घेऊ नका. तुम्हाला टोचलं की मला दुखतं."

त्या दिवसापासून त्याने इन्सुलिन सोडलं. बाईंना ते कळलं फ्रिजमध्ये न फोडलेल्या बाटल्या दिसल्या तेव्हा. तोवर त्याचे गाल बसले होते, जिने चढताना धाप लागत होती.

"अहो, एवढ्या केबली केल्यात तुम्ही. पाण्यात टोक बुडवून कधी चित्र आलंय?"

"नाही."

"मग?"

"मग काय! ती दिसली ना!"

दिसली तर बाईंनाही होती.

दर वेळी नवी केबल लागे. आज सकाळी तो अंघोळीला गेला, तेव्हा बाईंनी प्लग उघडला, आतली तार कापली, तुटक्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली आणि प्लग पुन्हा बंद केला. मीटर लावून पाहिलं. या टोकाचं त्या टोकाला काही जात नव्हतं.

आता तीच केबल टीव्हीत गेली आणि पडद्यावर भिंगरी आली! बागेत पाईप धरून झाडांना पाणी घालत होती. हे शूटिंग बाईंनीच केलं होतं.

"ती म्हणतेय, बाबा, सुई..."

बाई उठून पुढे गेल्या. "महाराज, ही केबल आतून तुटलेली आहे. सकाळी मीच कापलीय." त्यांनी पाण्यातलं टोक उचललं आणि प्लग उघडून सगळ्यांना दाखवला.

महाराज हसले. "श्रद्धेला तांबं लागत नाही, बाई!"

"मघाशी तर तांब्याला माया कळत होती!"

कुणीतरी खुदकन हसलं. बाईंनी केबल टीव्हीतूनही उपसली. चित्र जागच्या जागी. "पाहिलंत? साक्षात!" महाराज ओरडले. लोकांनी हात जोडले. बाई टीव्हीमागे वाकल्या. तिथे एक दुसरी, बारीक काळी केबल होती. टेबलाच्या पायाला चिकटून ती सतरंजीखाली शिरली होती आणि मागच्या दाराकडे गेली होती. शिष्य बाईंवर धावून आला.

"हात लावायचा नाही तिला!" नवरा शिष्याला म्हणाला. तो कधी पुढे आला कुणाला कळलंही नाही. मग तो बाईंकडे वळला. त्याचा आवाज पार खाली गेला. "अगं, थांब जरा. तेवढा पाईप फिरवू दे तिला."

बाई त्या केबलवर हात ठेवून थांबल्या. पडद्यावर भिंगरीने मान वळवली, खट्याळ हसली आणि पाईप सरळ कॅमेऱ्यावर धरला. सगळं पाणीच पाणी झालं. बाईंनी केबल ओढली. पडदा काळा पडला.

केबलचा माग काढत लोक मागच्या खोलीत घुसले. तिथे एक प्लेअर आणि गेलेल्यांच्या शूटिंगची, घरची माहिती लिहिलेल्या चिठ्ठ्या लावलेली मेमरी कार्डं होती. महाराजांनी ती 'आसनाजवळ ठेवून सिद्ध करायला' घराघरातून मागवली होती. कुणाचं कार्ड कधी लावायचं तेवढं शिष्याने बघायचं. महाराजांना लोकांनी धरून ठेवलं, पोलीस आले. पण गर्दीतली एक म्हातारी रडत बाईंवरच धावून आली, "एवढंच उरलं होतं आमच्याकडे! तेही हिसकावलंत!"

म्हातारे काका जागचे हलले नव्हते. "मग माझा पोरगा काय म्हणत होता?"

"गाडी पुसत होता, काका," नवरा म्हणाला. "बाकी काही नाही."

"मग आता आहे कुठे तो?"

"कुठेच नाही, काका," बाई म्हणाल्या. "आमचीही नाही." आणि त्यांचा हात हातात घेऊन त्या शेजारी बसल्या.

घरी आल्यावर नवरा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. मग म्हणाला, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पाण्यातून चित्र येत नाही, एवढं मला कळत नाही होय?"

"मग सुई का सोडलीत?"

"गेल्यापासून पहिल्यांदाच तिने काहीतरी मागितलं होतं गं. नाही कसं म्हणू?"

बाईंनी फ्रिजमधून बाटली काढली. सुई त्यांनीच त्याला टोचली आणि मग दोघं एकमेकांना धरून मनसोक्त रडली.

दुःख खरं असतं म्हणून त्याच्यावरचा प्रत्येक इलाज खरा नसतो. आपलं माणूस गेलं तर रडा, त्याचे फोटो बघा, चार माणसांत त्याच्याबद्दल बोला. पण गेलेल्याच्या नावाने कुणी तुमचं औषध बंद करू लागला, तर डोळे पुसा, उठा आणि आधी टीव्हीच्या मागे जाऊन बघा.