ओढ्यापल्याडच्या पेट्या

वाघर म्हणजे सुतळीची जाळी. रात्री मेंढरं तिच्या आत.

मधमाशी पहिल्यांदा पेटीबाहेर पडते तेव्हा लांब जात नाही. पेटीकडं तोंड करून हवेत झुलते. झाड बघते, दगड बघते, सूर्य कुठं आहे ते बघते. जागा पाठ करते.

फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर मधमाश्यांबद्दल इशाऱ्याची एक ओळ असते. मुंगीएवढ्या अक्षरांत.

कांद्याचं बी धरतं ते फूल, डोंगळा. पांढरा गोळा. वास कांद्याचाच, पण गोड.

हे सगळं निमोण्यातल्या एकाच सकाळचं आहे.

म्हस्कूच्या मधाच्या पेट्या बांधाला लागून होत्या. बांधापलीकडं जालिंदरचे डोंगळे, ऐन फुलात. आदल्या दिवशी तो बांधावर आला.

"आबा, उद्या सकाळी फवारणी हाय. फुलकिडं लय झाल्यात."

"संध्याकाळी मार की. माश्या घरी आल्यावर."

"ब्लोअरवाला सकाळचाच मोकळा हाय. तुमची जनावरं तुम्ही आवरा."

जनावरं म्हणाला. म्हस्कूला त्यात काही खटकलं नाही. त्याची निम्मी हयात मेंढरांमागं गेलेली. मेंढरांचा एक नियम त्याला पक्का ठाऊक : वाघर जिथं लागेल तिथं कळप. दिवसभर कुठंही चरा, सांजेला जाळीत.

दिवस मावळला, माश्या आत आल्या. त्यानं पेट्यांच्या दारांना कापडाचे बोळे लावले. तो आणि बायको गिताबाई, दोघांनी एकेक पेटी उचलून ओढ्यापल्याड नेली, आपल्याच दुसऱ्या तुकड्यात.

"झाला मेंढवाडा हलवून."

"मेंढरं हायेत व्हय ती?"

"मेंढरापेक्षा हुशार हायेत."

हे मात्र खरं होतं.

सकाळी बोळे काढले. माश्या निघाल्या. झुलल्या नाहीत. मागं वळून बघितलं नाही. ओढ्यावरून सरळ जुन्या बांधाकडं.

जालिंदरच्या रानात फवारणीचा ट्रॅक्टर सुरू झाला.

म्हस्कूनं रोहिदासला फोन लावला. पेट्या त्याच्याकडूनच घेतलेल्या.

"किती लांब नेल्या, मामा?"

"ही काय, ओढ्यापल्याड."



"मामा, तीन किलोमीटरच्या आत नेली की माशी जुन्याच जागी जाती. तिला पेटी कळत न्हाई. जागा कळती."

"मग आता?"

"दारं लावा."

"गेल्या की रं सगळ्या."

जुन्या जागी पेट्यांखालचे नुसते दगड उरले होते. माश्या दगडांवर उतरत नव्हत्या. जिथं पेटीचं दार होतं, बरोबर तेवढ्याच उंचीवर, हवेत घिरट्या घालत होत्या. नसलेलं दार शोधत होत्या. डोंगळ्यांवरून येणाऱ्या ओल्या होत्या. त्या घिरट्या घालत नव्हत्या. पडत होत्या, पाठीवर, गरागरा फिरत.

म्हस्कू बांधावर उभा राहून दोन्ही हात हलवू लागला. तोंडाला फडकं बांधलेल्या जालिंदरनं लांबून हात हलवला. राम राम समजून.

"एक पेटी आणू का परत?" गिताबाईनं विचारलं.

"ह्या औषधात?"



म्हस्कूनं दोन बोटं तोंडात घातली आणि शीळ घातली. माळावर फुटलेला कळप वळवायची, लांब, शेवटी चढत जाणारी.

"अवं, त्यांना कान न्हाईत."

"म्हायती हाय," तो म्हणाला, आणि पुन्हा घातली.

ओढ्यापल्याड पेट्यांमध्ये माश्या होत्या. कोवळ्या, एकदाही बाहेर न पडलेल्या. त्या अळ्यांना भरवत होत्या.

म्हस्कूचा भाचा शंभू आदल्या संध्याकाळी फुलांचा टेम्पो घेऊन, तीन किलोमीटरच्या कितीतरी पुढं, यवतला गेला होता. हौद्यात निम्मी जागा रिकामी होती.