हाडातलं बियाणं

ताडकळसच्या शाळेतून विज्ञानाचे मास्तर म्हणून निवृत्त होऊन दिनकररावांना दोन वर्षं झाली, तरी शिकवायची खोड काही गेली नव्हती. अठ्ठ्याऐंशी साली त्यांची बायको कमलबाई अंगणात नुसती कलंडली आणि मनगट मोडलं, तेव्हा एक्स-रे म्हणजे काय हे परभणीच्या डॉक्टरला त्यांनीच समजावून सांगितलं. डॉक्टरनं निमूट ऐकून घेतलं. मग म्हणाला, बाईंची हाडं आतून ठिसूळ झालीत. पुन्हा पडल्या आणि खुबा मोडला, तर उठणं कठीण. तो पुढंही बरंच सांगत होता, पण गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

बायकोवाचून आपलं पान हलत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते तोंडानं कबूल करणं मात्र गुरुजीपणाला झेपणारं नव्हतं. म्हणून त्यांनी विज्ञानाला कामाला जुंपलं.

परभणीच्या एका वाचनालयात इंग्रजी मासिकात त्यांना सापडलं, की हाडाच्या मगजात काही मूळ पेशी असतात, त्यांच्यापासून नवं हाड घडतं आणि परदेशात एक डॉक्टर त्यावर प्रयोग करतो. गुरुजी हरखले. घरी येताच त्या डॉक्टरला पत्र लिहायला बसले. माझी हाडं मजबूत आहेत, आजवर एकही मोडलेलं नाही, माझा मगज काढा आणि पत्नीला द्या. कष्टाचं काम कधी केलंच नाही म्हणून हाडं शाबूत राहिली, एवढंच काय ते लिहायचं राहिलं.

पुढचे चार महिने गावाला धडे सुरू झाले. लिंगराजअप्पांच्या किराणा दुकानाच्या ओट्यावर बसून गुरुजी सांगायचे, की हे हाडातलं बियाणं आहे, माझं काढायचं आणि हिच्यात पेरायचं. अप्पांनी एकदा गूळ तोलता तोलता विचारलं, बियाणं साठ वर्षांचं झालंय, उगवंल का? सगळे हसले. गुरुजीही हसले, पण आपलं वय त्यांनी खरंच ध्यानात घेतलं नव्हतं.

अखेर उत्तर आलं. गुरुजींनी ओसरीवर खुर्ची टाकली, चष्मा पुसला आणि मराठीत उलगडत मोठ्यानं वाचू लागले. तुमचं पत्र वाचून मन भरून आलं. प्रयोग अजून जनावरांवरच चालू आहेत. माणसांना उपयोग व्हायला कित्येक वर्षं लागतील. तोवर पत्नीला दूध द्या, उन्हात फिरू द्या, आणि मुख्य म्हणजे जड ओझं उचलू देऊ नका.

शेवटचं वाक्य त्यांनी सवयीनं दोनदा वाचलं, पोरांनी लिहून घ्यावं म्हणून. मान वर केली तर समोर एकट्या कमलबाई होत्या. हापशावरून आलेल्या, डोईवर घागर, वाकड्या जुळलेल्या मनगटाच्या आधारानं कमरेवर कळशी.

"असं लिवलंय?" त्या म्हणाल्या. "मंग घागर उतरू लागा."

घागर उतरवताना निम्मं पाणी गुरुजींच्या धोतरावर सांडलं. तीस वर्षं पोरांना त्यांनी पाण्याची घनता शिकवली होती; पाण्याचं वजन त्यांना त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः हापशावर गेले. शेजारच्या चांगुणाबाईनं त्यांच्या खांद्यावर घागर बघितली आणि घाबरून विचारलं, कमलबाई अंथरुणाला खिळली का? बाई पडल्याशिवाय गडीमाणूस पाण्याला येत नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं. गुरुजी म्हणाले, न्हाई, बरी हाय. रांगेतल्या बायकांनी त्यांना आधी नंबर दिला. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भिजून, धापा टाकत ते घरी आले. कमलबाई उन्हात बाजेवर बसल्या होत्या. गुरुजींना वाटलं, आता हसेल. त्या हसल्या नाहीत.

"तुमाला एवढं दिसायला," त्या म्हणाल्या, "परदेशातून लिवून यावं लागलं व्हय?"

वर्गात कुठल्याच पोराला त्यांनी कधी उत्तरावाचून परत पाठवलं नव्हतं. गुरुजींनी घागर रांजणात ओतली आणि मान खाली घालून दुसऱ्या खेपेला निघाले.