पाहुण्यांसाठी लावलेला रंग

आमचे हे, म्हणजे जानेफळचे मार्तंड सर, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले तरी परीक्षा घ्यायची खोड काही गेली नाही. भाजीवाल्याला पाढे विचारतील, पाहुण्यांच्या पोराला राजधान्या. शेवटी आमच्या लेकीने, निवेदितानेच, यांना परीक्षेला बसवलं.

गावातल्या मुलींसाठी अभ्यासिका बांधायची, हे यांचं निवृत्तीनंतरचं वेड. ट्रस्ट काढला, स्वतः अध्यक्ष झाले, ग्रामपंचायतीच्या मागे लागून जागा मिळवली. नकाशा निवेदिताने काढला. ती संभाजीनगरला आर्किटेक्ट आहे आणि तिच्या एकटीच्या नावावरची ही पहिलीच इमारत. ती म्हणाली, "बाबा, हिला आपण ग्रीन बिल्डिंगचं प्रमाणपत्र मिळवायचं."

"म्हणजे झाडं लावायची?"

"झाडं लावाच. पण असं समजा, की इमारत परीक्षेला बसलीय. विटा, चुना, लाकूड, फरशी, रंग हे तिचे विषय. प्रत्येक वस्तू आपापले थोडे गुण आणते. एका चांगल्या वस्तूने कुणी पास होत नाही. एका वाईट वस्तूने मात्र नापास होता येतं."

परीक्षा म्हटल्यावर यांना लगेच पटलं. पारसच्या वीजकेंद्राच्या राखेच्या विटा आल्या. पाडलेल्या जिनिंग कारखान्याच्या सागवानातून दारं-खिडक्या झाल्या. फुटक्या शहाबादीचे तुकडे जोडून जमीन केली. भिंतींना आतून चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचीच सफेदी, दुसरा कुठलाही रंग नाही. ऑइलपेंटचा वास दिवसचे दिवस खोलीत कोंडून राहतो आणि तिथे वाचत बसलेल्या मुलींच्या छातीत जातो, असं निवेदिताने सगळ्यांना बजावलं होतं.

भिंती बांधल्या गुलाम रसूल मिस्त्रींनी. हे आणि ते लहानपणी शाळेत एका बाकावर बसायचे. त्यांचा मुलगा कलीम रंगकाम करतो. तो यांचाच विद्यार्थी. चुन्याचं काम त्याला येत नव्हतं, ते निवेदिताने शिकवलं, आणि पोराचा हात असा बसला की ती म्हणाली, "चिखलीच्या दवाखान्याचं काम मला मिळालंय. तिथल्या सगळ्या भिंती तुझ्या." त्या दिवशी कलीम आपल्या आईला, चांदबीला, हाताला धरून घेऊन आला आणि त्याने तिला भिंत दाखवली. ती बिचारी भिंतीवरून तळवा फिरवत कितीतरी वेळ उभी होती.

गावाला मात्र ती इमारत रुचेना. चुना कुठे दाट, कुठे विरळ दिसतो. दारांवर जुन्या खिळ्यांच्या खुणा. माजी सरपंच जानराव तर बसस्टँडवर यांना अडवून विचारायचे, "काहो सर, सुतक आहे का? भिंतीले रंग नाई, दारं भंगारातले, फरशी फुटकी. पोरीईले बसवता का बकऱ्या बांधता?"

हे हसून वेळ मारून नेत. पण घरी आले की चहा गार होईपर्यंत नुसते बसून राहत. जन्मभर ज्यांच्यापुढे गावाने मान वाकवून नमस्कार केला, त्यांना कुणी हसलेलं सोसत नाही. हे मला लग्न झाल्यापासून ठाऊक आहे.

तपासणीला नागपूरहून शौनक नावाचा तरुण यायचा होता. निवेदिता आदल्या दिवशीच त्याला आणायला बुलढाण्याला गेली. ती गेल्याबरोबर हे मेहकरला गेले आणि आकाशी ऑइलपेंटचे डबे घेऊन आले.

आमच्याकडे पाहुणे येणार म्हटलं की आधी भिंत चकाकली पाहिजे. लग्न ठरलं, की पत्रिका छापायच्या आधी रंगाऱ्याला निरोप जातो. मुलगी दाखवायची तर पावडर लावायचीच, तसंच यांनी अभ्यासिकेचं केलं.

मी चहा घेऊन गेले, तेव्हा कलीम ब्रश हातात धरून तसाच उभा होता.

"सर, म्याडमनं रंग लावू नको म्हणून सांगितलं हाये. एकडाव फोन करून इचारू द्या मले."

"अध्यक्ष कोण आहे? मी आहे ना? तू लाव. मी पाहून घेतो."

सर म्हणाले, विषय संपला. कलीमने रंग लावला. संध्याकाळच्या उन्हात भिंती अशा झळकल्या की, खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. नवरा-बायकोची अक्कल एकाच दुकानात गहाण पडली म्हणायची.

सकाळी निवेदिता शौनकला घेऊन आली. दारातच त्याने नाकाला रुमाल लावला. निवेदिताचा चेहरा पांढराफटक पडला. जानराव आणि गावातले चारजण मागे उभे होते. कलीम कोपऱ्यात ब्रश धूत होता. मी पोह्यांच्या बशा घेऊन मध्येच थबकले.

शौनकने भिंतीला बोट लावलं. "विटा छान, सागवान छान, फरशी तर सुरेख. पण हे काय? रंगाचे गुण तर गेलेच. त्याहून वाईट म्हणजे या वासात मुली दिवसभर बसणार. हे लावायला कुणी सांगितलं?"

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी घसा साफ केला.

"पेंटरच्या हातून चूक झाली. बजावून सांगितलं होतं, पण ही मुलं ऐकतात कुठे?"

कलीमने वर पाहिलं. यांच्याकडे पाहिलं, अगदी वर्गात उत्तर सांगायला उभा राहिल्यासारखं. मग खाली मान घालून पुन्हा ब्रश धुवायला लागला.

"कलीम," निवेदिता म्हणाली, "किती विश्वासाने शिकवलं होतं तुला."

शौनक म्हणाला, "रंग खरवडून पुन्हा चुना दिला तर मी परत येऊन बघतो. माणूस मात्र बदला." जानराव हसून म्हणाले, "घ्या! हे पोट्टे असेच."

धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, ही माझ्या आईची शिकवण. मी ती पाळली आणि पोहे वाटले. त्या शिकवणीची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

दुपारी हे जेवायला बसले, पण घास उचलेना.

"डबे कुणी आणले?" मी विचारलं.

"तोंडातून निघून गेलं गं. जानराव समोर, पोरगी समोर. आणि कलीम कुठे काही बोलला? त्यालाही कळतं, मोठ्या माणसाची अब्रू असते."

"आणि त्याला नसते?"

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून निवेदिताचा आवाज आला. ती चिखलीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलत होती. "नाही, तो पेंटर मी काढून टाकलाय. हात चांगला आहे हो, पण विश्वासाचा नाही."

हे ताटावरून उठले. चपला घातल्या आणि दारातून म्हणाले, "निवेदिता, फोन ठेव. अभ्यासिकेत चल."

मीही निघाले. यांची एकट्याची हिंमत होईल, याची मला खात्री नव्हती.

अभ्यासिकेच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. एका भिंतीवर कलीम पत्र्याने रंग खरवडत होता. दुसऱ्या भिंतीवर तोंडाला रुमाल बांधून गुलाम रसूल मिस्त्री. त्यांना गुडघ्यांमुळे धड उभं राहवत नाही, तरी शिडीवर चढले होते. आकाशी रंगाबरोबर त्यांच्याच हातचा गिलावा निघून खाली पडत होता. आम्हाला पाहून ते सावकाश उतरले आणि यांच्यासमोर येऊन त्यांनी हात जोडले.

"मास्तर, माह्या लेकानं तुमची मान खाली घातली. पोरीच्या पहिल्या इमारतीले डाग लावला. काऊन केलं बे म्हणून इचारून इचारून थकलो, तं तोंडच उघडत नाई. मले माफ करा. भिंत मी पयल्यासारखी करून देतो."

यांनी त्यांचे हात धरले. मग सरांचं पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेलं आणि लहानपणच्या बाकावरची भाषा बाहेर आली.

"रसूल, हात नको जोडू बे. रंग म्या आणला. पोरगा नाई म्हणत होता. पोरीले फोन करतो म्हणे, तं म्या करू देला नाई. अन् आज सगळ्यायसमोर त्याच्यावरच ढकललं. मले लाज वाटते रे. मले लई लाज वाटते."

निवेदिता भिंतीला टेकली. तिच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

मिस्त्री आमच्या यांच्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते वळले ते लेकाकडे.

"मंग मले काऊन नाई सांगतलं बे? सकाळपासून काय काय नाई बोललो मी तुले!"

कलीमचा हात थांबला. त्याने भिंतीकडे तोंड ठेवूनच उत्तर दिलं.

"सर म्हणे, मी पाहून घेतो. सर सांगतीन म्हणून वाट पाहून राह्यलो होतो, अब्बा."

यांची मान वर झाली नाही. माझीही नाही.