आमच्या नातीला नावं ठेवा

मास्तरांच्या धाकट्या मेहुण्याने पन्नाशीत लग्न केलं आणि तो पंधरा दिवसांत मान खाली घालून बोलायला शिकला, त्या वर्षी मास्तरांना नात झाली.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामाच्या दुकानातले. कपडे शिवणाऱ्याला सगळे मास्तरच म्हणतात. ह्या मास्तरांना मात्र साठाव्या वर्षापर्यंत अक्षरओळख नव्हती. आकडे टेपने शिकवले होते, आणि कुठला कपडा कुणाचा ते चिंधीच्या खुणेवरून कळायचं. शेवटी बायकोने त्यांना पाटी घेऊन समोर बसवलं. चुकलं की ती हातावर पट्टी मारायची, आणि पट्टी दुकानातलीच असायची. मास्तरांनी मारही घरच्याच सामानाचा खाल्ला.

शिकायला कारण झाला मुलगा. त्याच्या जन्माची नोंद करताना मास्तरांनी नाव तोंडी सांगितलं, कारकुनाने लिहिलं, मास्तरांनी खाली अंगठा उठवला. कारकुनाने मधला एक काना खाल्ला होता. काना म्हणजे काय हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला तो गेलेला कसा कळणार? मुलगा कळता झाल्यापासून त्या कान्यासाठी कचेऱ्या पालथ्या घालतोय. दाखल्यावर एक नाव, नोकरीच्या कागदावर दुसरं. स्वतःच्या लग्नाच्या नोंदणीत त्याला 'तो मीच' असं लिहून द्यावं लागलं.

म्हणून नातीचं नाव स्वतःच्या हाताने लिहायचं आणि ते चुकू द्यायचं नाही, एवढा एकच हट्ट मास्तरांनी धरला. सुनेने निवडलेलं नाव तिने कागदावर लिहून दाखवलं तेव्हा त्यांना घाम फुटला.

"अगं, हे नाव नाही, जिना आहे. एका अक्षराच्या डोक्यावर दुसरं, दुसऱ्याच्या खांद्यावर तिसरं."

"वेगळं आहे म्हणूनच तर आवडलं, बाबा."

"वेगळं म्हणजे चुकणार. चालतं नाव ठेव. जे कारकुनाने शंभरदा लिहिलंय, ते तो झोपेतसुद्धा चुकणार नाही."

"आणि वर्गात हाक मारली की चार जणी वळतील."

"वळू देत. चौघींची नावं तरी बरोबर असतील."

मुलगा पेपरात डोकं खुपसून बसला होता. ज्याला स्वतःचं नाव धड नाही, त्याने नावावर काय बोलावं?

सून तशी न्यायाची. ती म्हणाली, "सध्या सगळ्यात चालणारं नाव कुठलं, ते दहा जणांना विचारून सांगा. तुम्ही एकट्याने ठरवलेलं चालणार नाही."

मास्तर दुकानात गेले, शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि खडूने लिहायला बसले. 'आमच्या नातीला' इथवर सुरळीत झालं. मग त्यांनी विचार केला. लिहिणारे अनेक, तेव्हा नावंही अनेक येणार. बायकोने शिकवलेलं होतं की एक पान, अनेक पानं. अनेक झाली की डोक्यावर टिंब. त्यांनी टिंब दिलं, चांगलं ठसठशीत. पाटी आरशाशेजारी टांगली: 'आमच्या नातीला नावं ठेवा. चिठ्ठी डब्यात टाका.' बटणांचा डबा त्यासाठी रिकामा केला.

चार दिवस दुकानात वर्दळ होती. आलेला माणूस पाटी वाचायचा आणि हसायचा. आपलं अक्षर लोकांना आवडतंय, असं मास्तरांनी धरलं. ज्याचं काही शिवायला नव्हतं असा समोरचा न्हावीही आला.

"मास्तर, खरंच लिहू?"

"अगदी मनापासून. हातचं राखू नका."

पाचव्या दिवशी दुपारी मास्तरांनी सगळ्यांसमोर डबा उपडा केला. पहिली चिठ्ठी अक्षराखाली बोट धरून वाचली.

"न... क... टी. नकटी?" त्यांनी चिठ्ठी उलटून पाहिली. "हे कसलं नाव?"

दुसऱ्या चिठ्ठीत होतं, 'रंग बरा, पण कान आजोबांचे.' न्हाव्याने लिहिलं होतं, 'टक्कल मास्तरांचं, आवाज मास्तरणीचा.' शेजारच्या भांडीवाल्याची लांबलचक होती, 'अजून पाहिली नाही, पण भिंतीपलीकडून ऐकतो. रडते फार.'

मास्तरांचे कान लाल झाले. "माणसं आहेत की कोण? तान्ह्या पोरीला बोलतात?"

"अहो," बायको म्हणाली, "पाटीवर काय लिहिलंय ते सांगा बरं. टिंबासकट."

त्यांनी सांगितलं. बायकोने कपाळाला हात लावला, मग तिला इतकं हसू आलं की तिने भिंत धरली. "नाव ठेवायचं होतं हो. तुम्ही गावाला नावं ठेवायला बसवलंत."

"एका टिंबाने?"

"एका टिंबाने."

"बाबा," सून म्हणाली, "नावं ठेवायला घरचे पुरतात की. बाहेरची माणसं कशाला लावलीत?"

तरी तळाशी अकरा चिठ्ठ्या सरळ माणसांच्या निघाल्या. त्यांतल्या सातांत एकच नाव होतं. ते इथे लिहीत नाही. तुमच्या ओळखीत त्या नावाच्या तिघी तरी असतील, त्यांतली एक धरा. सुनेने एकदा बाळाकडे पाहिलं, एकदा बिनकान्याच्या नवऱ्याकडे. "बरं," ती म्हणाली. "पण लिहायचं तुम्हीच."

मास्तरांनी आठ दिवस बेतायच्या कागदावर ते नाव गिरवलं. मग कचेरीत जाऊन अर्जावर लिहिलं, इस्त्रीच्या घडीसारखं सरळ. पुन्हा तपासलं. कारकुनाला बजावलं, "जसं आहे तसंच उतरवा. आम्ही एकदा पोळलोय. तुमचं डोकं मधे आणू नका." कारकून बिचारा गरीब होता. त्याने डोकं मधे आणलं नाही.

घरी बायकोने चष्मा लावून दाखला पाहिला. "अहो, शेवटच्या अक्षरावर हे टिंब कसलं?"

मास्तरांनी दाखला डोळ्यांजवळ नेला. चाळीस वर्षांत शिवण संपली आणि हाताने शेवटी गाठ मारली नाही, असं कधी झालं नव्हतं.

"ती गाठ आहे," ते हळूच म्हणाले.

मुलगा पहिल्यांदा मोठ्याने हसला. सुनेने दाखला हातात घेतला. मग म्हणाली, "जाऊ दे. चार जणी वळल्या तरी टिंबवाली आमची एकच."

तेव्हापासून पोरीला टिंबूच म्हणतात. वर्गात त्या नावाच्या खरंच चौघी निघाल्या. बाई तिघींची नावं नीट घेतात, आणि टिंबूचं घेताना सर्दी झाल्यासारखं नाकातून. टिंबू ऐटीत 'हजर' म्हणते. ते टिंब खोडून आणायला मास्तर दोनदा निघाले होते, दोन्ही वेळा तिनेच चप्पल लपवली.

कचेरीत मास्तरांनी आणखी एकच अर्ज भरला. त्यावर बायकोचं नाव होतं, आणि त्यात जोडाक्षर होतं. ते त्यांनी सावकाश लिहिलं आणि शेवटचं अक्षर झाल्याबरोबर पेन सरळ वर उचललं. कुणाला काही बजावलं नाही.

टिंबूची आजी, मास्तरांची बायको, टिंबू चौथीत असताना गेली. वार्षिक परीक्षेच्या आधीच्या गुरुवारी, सकाळी.