नाक मुठीत

डेअरीत आलेला दुधाचा टँकर उतरवून घ्यायचा की परत धाडायचा, हे बाबांच्या नाकावर ठरे. सव्वीस वर्षांत ते नाक एकदाही चुकलं नव्हतं आणि एकदाही गप्प बसलं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी होणाऱ्या विहीणबाईंच्या घरी पहिला घोट घेताच ते म्हणाले होते, "चहातलं दूध कालचं दिसतंय." झालं! विहीणबाईंनी तोंड फुगवलं आणि लेकीचं ठरलेलं लग्न लटकलं. रुसवा काढायचा म्हणून आज हॉटेलातलं हे जेवण. येताना लेकीने टॅक्सीत बजावलं होतं, "बाबा, आज कशालाही नावं ठेवायची नाहीत. माझी शपथ आहे."

वाइनची बाटली विहीणबाईंनीच निवडली. वेटरने बूच काढलं, एका ग्लासात घोटभर ओतली आणि विचारलं, "चव कोण बघतंय? ठीक असेल तर सगळ्यांना देतो."

"त्यांनाच द्या," व्याही हसले. "त्यांच्या नाकापुढे आमचं काय चालणार!"

विहीणबाई हसल्या नाहीत.

बाबांनी जन्मात दोनदा वाइन प्यायली असेल. पण वास तो वासच. ग्लास नाकाशी नेला आणि ओल्या गोणपाटासारखा कुबट भपकारा आला. बाटली बिघडलेली होती. वेटर तर तेवढंच विचारायला उभा होता. 'दुसरी आणा' म्हटलं असतं तर त्याने मुकाट्याने आणली असती. पण विहीणबाई टक लावून बघत होत्या आणि टेबलाखाली लेकीने त्यांच्या पायावर पाय दाबला होता. बाबा पुरते कात्रीत सापडले. त्यांनी तो घोट औषधासारखा गिळला.

"छान आहे," ते म्हणाले. बोलताना त्यांची त्यांनाच लाज वाटली.

विहीणबाईंचा चेहरा खुलला. सगळ्यांचे ग्लास भरले. व्याह्यांनी डोळे मिटून मान डोलावली, जावईबापू 'वा!' म्हणाले. लेकीने ग्लास तोंडाशी नेला आणि ती थबकली. पातेल्यावरचं झाकण न काढता नासलेलं दूध ओळखणारी पोर ती, नाक थेट बापाचं. तिने बाबांकडे पाहिलं. बोल गं बाई, बाबा मनात म्हणाले, मोडलं तर मोडू दे.

"कशी वाटली?" विहीणबाईंनी विचारलं.

"छान आहे, आई," लेक म्हणाली आणि तिने सगळा ग्लास संपवला.